कुलूपबंद शाळेतून आलेला डबा

भूत, हडळ, चकवा... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आणि त्याला कारणही तसंच भक्कम होतं. आमच्या गावच्या चिंचेवर जी हडळ होती ना, ती मीच होते.

लग्न होऊन आले तेव्हा सोळाची. वर्षाच्या आत दिवस गेले आणि सासू चिंचेला हात लावू देईना. मग भर दुपारी सगळे शेतात गेले की मी पांढरं लुगडं डोक्यावरून घेऊन झाडावर. पोटुशी बाई झाडावर चढते — केवढी ती अक्कल! खालून कोणी चाललं की एक फांदी हलवायची, बस्स. माणूस चपला टाकून पळायचा. पुढं सासऱ्यांनी एक भगत आणला. त्यानं झाडाला सात लिंबं बांधली. त्यांचं मी सरबत केलं.

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं. माझी नणंद, गया. तेव्हा ती बारा वर्षांची होती. ती झाडाखाली पहारा द्यायची आणि अर्ध्या चिंचा घ्यायची.

तर जिनं स्वतः हडळ होऊन पाहिलंय, ती बाई आज तुमच्या या ग्रुपवर अनुभव लिहितेय. मोबाईलला बोललं की तो लिहितो, नात चुका दुरुस्त करते. पटलं तर घ्या, न पटलं तर सोडून द्या.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीपासून चार-पाच किलोमीटर आत. नाव टाकत नाही. मुलगा म्हणाला, "माय, नाव लिहू नको, इथंच राहायचंय आपल्याला." गावात एकच रस्ता येतो, त्याच्या तोंडाशी दोन खोल्यांची शाळा. शाळेच्या फाटकापासून आमच्या ओट्यापर्यंत शंभर पावलं. सासरे मेंढरं राखायचे, आम्ही शेतीला लागलो.

पहिल्या लॉकडाउनचा उन्हाळा. तेव्हा मी तरुण होते, सहासष्ट वर्षांची. हसू नका. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. आज त्या बाईला समोर उभी केली तर मी तिच्या दोन थोबाडीत देईन.

गावबंदी झाली. बाहेरचा माणूस आत घ्यायचा नाही, म्हणून रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकायचं ठरलं. पोरांना धड टाकता येईनात, वाऱ्यानं सरकायच्या. मी पदर खोचून पुढं झाले. मेंढरांच्या वाड्याला काट्या कशा रचायच्या, बुडखे आत आणि शेंडे बाहेर कसे ठेवायचे, हे सासऱ्यांनी मला शिकवलेलं. लांडगा आत येऊ नये म्हणून ती विद्या. मी ती माणसांवर वापरली. सरपंच म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखी बाई घरोघरी पाहिजे." मी अशी फुगले म्हणता... दुसऱ्या दिवसापासून हातात काठी घेऊन तिथंच बसायला लागले.

आठवडाभरानं, सकाळी दहाच्या सुमारास, काट्यांच्या पलीकडं गया येऊन उभी राहिली.

तिचं सांगते. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी विचारलं नाही. औरंगाबादला एका मेसमध्ये ती भाकरी करायची आणि तिथंच मागच्या खोलीत राहायची. एकुलती एक लेक मंगल, ती नांदेडकडं दिलेली. लॉकडाउन लागला, मेस बंद झाली, मालकानं खोलीला कुलूप लावलं. मग ही निघाली. थोडी दुधाच्या टेम्पोत, बाकी पायी. पायांना चिंध्या बांधलेल्या.

"वैनी, मी हाय. गया."

"दिसून राह्यलं मला. तिथंच थांब."

"थांबलेच हाय ना. काट्या तर तूच लावलेल्या दिसतेत... आबाच्या हातच्या वाटून राह्यल्या."

आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. तिचा भाऊ, म्हणजे माझे मालक, तीन वर्षांपूर्वी गेले होते. भाऊ असेपर्यंत बाईचं माहेर भावाचं, नंतर ते वैनीच्या मर्जीवर. त्या सकाळी तिचं माहेर म्हणजे मी. काठी घेऊन बसलेली.

गावबंदीसाठी नेमलेल्या समितीची माणसं जमली. चौदा दिवस शाळेत ठेवायचं, मग घरी, असं ठरलं. मी एका शब्दानं म्हणाले नाही की आमच्या मागच्या खोलीत ठेवते. खोली रिकामी होती बरं का. उलट मीच म्हणाले, "बरोबर हाय, नियम सगळ्याला सारखा."

गया खो खो हसली. "लहानपणी शाळेत घातलं न्हाई कोणी, मेंढरामागं धाडलं. आता साठीत घालून राह्यले. दाखला तरी देताल का मंग?"

लोक हसले. मीसुद्धा हसले.

डबा आमच्या घरून जायचा. स्टीलचा, झाकणावर यांचं नाव कोरलेला. मी तो फाटकाशी ठेवायचे आणि वीस पावलं मागं व्हायचे. ती घ्यायची, खायची, घासून-पुसून परत फाटकाशी ठेवायची. पण आमच्याकडं एक रीत आहे, तुमच्याकडंही असेल... दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीतरी घालायचं त्यात, चिमूटभर साखर का असेना. आता शाळेत कुठली साखर? पहिल्या दिवशी डब्यात कडुलिंबाचा कोवळा पाला आला. दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या झाडाच्या दोन चिंचा. "हडळीला नैवेद्य!" असं ती फाटकातून ओरडली. तिसऱ्या दिवशी खडूचा तुकडा.

"मास्तरीण झाले मी, वैनी!"

ते शेजारच्या शेवंतानं पाहिलं. तिच्या मोबाईलवर मेसेज आला होता की स्टीलच्या भांड्यावर हा आजार जीव धरून बसतो. सांजेपर्यंत गावभर झालं की गया डब्यातून आजार वापस देऊन राह्यली. तिची रीतच तिच्यावर उलटली. शेवंताचं सोडा... मी काय केलं? मी फाटकाशी जाऊन ओरडले, "गया, डबा रिकामा ठेवत जा. काही घालू नको त्यात."

"रिकामा कसा ठेवू? माहेरचं भांडं हाय."

"मी सांगून राह्यले ना!"

"रिकामं भांडं धाडलं तं घर रिकामं होतं, वैनी. तूच शिकवलं मला."

मी शिकवलं होतं खरं. सासूनं मला, मी तिला. आणि मला आधी भाकरी शिकवली ती तिनं. नव्या नवरीला पीठ मळता येईना म्हणून बारा वर्षांची पोर शेजारी बसून थापून दाखवायची. गया डावखुरी. आपण भाकर थापतो तेव्हा बोटांचे वळ एका अंगाला उठतात, तिच्या भाकरीवर ते उलट्या अंगाला उठायचे. हजार भाकरींत तिची ओळखता यायची.

चौथ्या दिवशी सकाळी तिला खोकला आला. तो मी ओट्यावर बसून ऐकला. डबा आदल्या रात्रीपासून तिच्याकडंच होता. समितीनं फर्मान काढलं की शाळेजवळ कोणी फिरकायचं नाही, जेवणाची सोय वरून होईल. वरून म्हणजे कुठून? कोणी विचारलं नाही. मी समजले सरपंच बघतील. सरपंच समजले अंगणवाडीच्या बाई बघतील. त्या समजल्या की घरचे लोक आहेतच शंभर पावलांवर. असं होत होत चौथा दिवस गेला... पाचवाही गेला. दोन दिवस गया एकदाही "वैनी" म्हणून ओरडली नाही. माझ्या घरात ज्वारीच्या पिठाचा डबा भरलेला होता.

खोटं नाही बोलत. मला माहीत होतं की कोणी काही दिलेलं नाही. ओट्यावरून फाटक स्वच्छ दिसतं.

सहाव्या दिवशी बारा वाजता ॲम्ब्युलन्स आली. गया स्वतःच्या पायांनी चढली. मी भिंतीआड होते. गाडी जालन्याकडं गेली, पंचायतीच्या माणसानं पावडर फवारली, खोल्यांना कुलूप, फाटकाला कुलूप. मुलानं विचारलं, "माय, आपला डबा?" मी म्हणाले, "राहू दे आतच."

चारच्या सुमारास मी शेळीला पाणी दाखवायला मागं गेले. पाच मिनिटं, फार तर. उन्हं लख्ख होती, रस्त्यावर चिटपाखरू नाही. परत आले तर ओट्यावर डबा.

आमचाच. झाकणावर नाव. घासून पुसून लख्ख.

हात लावला तर गरम. आता उन्हानं तापला म्हणाल, तर ओट्यावर त्या वेळी सावली असते. झाकण उघडलं. आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब धरलेले, वाफेचे. आणि डब्यात एक भाकर. ताजी, तव्यावरून उतरवलेली. वळ उलट्या अंगाला.

मी ओरडले. मुलगा धावत आला. त्यानं पाहिलं, हात लावला, चटका बसला तसा मागं घेतला. मग तो शाळेकडं पळाला. फाटकाचं कुलूप जागच्या जागी. खिडकीतून पाहिलं तर सतरंजी, मडकं, आणि काही नाही. डबा नाही. खिचडीची खोली शाळा बंद झाली तेव्हापासून बंद, तिथला सिलिंडरसुद्धा काढून नेलेला. पीठ कुठलं, तवा कुठला, आणि चार तासांनी भाकर गरम कशी?

तुम्ही विचाराल, मग काय केलं त्या भाकरीचं?

चिमट्यानं उचलली आणि उकिरड्यावर फेकली. वर फिनेल ओतलं. दोन दिवसांच्या उपाशी बाईनं पाठवलेली भाकर मी चिमट्यानं उचलली. शहाणी होते ना मी, सहासष्ट वर्षांची!

तिसऱ्या दिवशी जालन्याहून फोन आला. गया गेली. माती आम्हाला मिळाली नाही, तेव्हा कोणालाच मिळत नव्हती. काट्या काढल्या तेव्हा पोरांनी त्यांची होळी केली आणि सरपंचांनी समितीचा सत्कार केला. मला शाल मिळाली. मी घेतली.

रस्ते उघडल्यावर मंगल आली. रडली, निवली, चहा घेतला. मग म्हणाली, "मामी, तुमचे उपकार कसे फेडू? आईनं नर्सबाईच्या मोबाईलवरून फोन केल्ता मला. मी पहिलं तेच विचारलं की पोटात काही हाय का. तं म्हणली, उपाशी न्हाई गं मी. गाडी यायच्या आधी वैनीनं गरम भाकर दिली, ती खाऊनच निघाले."

मी तिची कपबशी उचलायला वाकले.

"मी म्हणलं, मामीनंच केल्ती कशावरून? तं हसली. खोकत खोकत हसली. म्हणली, कड फाटलेली होती... पन्नास वर्षं शिकवून राह्यले, तिला अजून येत न्हाई."

माझ्या भाकरीची कड फाटते. आजही फाटते. पण मी दिली नव्हती. त्या दोन-अडीच दिवसांत माझ्या हातचा एक तुकडा शाळेच्या फाटकात गेला नाही.

मंगल माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "हो. दिली होती."

मुलगा म्हणतो की गावातल्याच कोणीतरी दोघींना गुपचूप भाकर नेऊन दिली असेल. अरे, आमच्या गावात शंभर ग्रॅम साखर वाटली तरी चौघं फोटो काढून घेतात. एवढं पुण्य करून पाच वर्षं गप्प बसणारा माणूस इथं जन्माला यायचाय. आणि डावखुऱ्या हाताचे वळ उठवणारा? सून म्हणते की आत्याबाई लेकीशी खोटं बोलल्या, तुमची अब्रू राखायला. असेल. गयाचा स्वभाव तसा होताच. पण मग माझ्या ओट्यावर जी आली ती काय होती? मी हातानं झाकण उघडलंय त्या डब्याचं.

खूप विचार केला. चिंचेवरची हडळ मला समजावता येते, हे येत नाही. बरं, मला भीती वाटत नाही त्याची. मला राग येतो. गयानं मला शिव्या दिल्या असत्या, घरात येऊन भांडी आपटली असती, तर मी सुखानं जगले असते.

नात सांगते की मंगलसुद्धा या ग्रुपवर आहे, रोज वाचते. म्हणून तर इथं लिहिलं. समोर बसून सांगायला जमलं नाही मला, पाच दिवाळ्या झाल्या.

मंगल, तुझी आई शेवटची जी भाकर खाऊन गेली, ती माझी नव्हती. कोणाची होती, मला माहीत नाही.