यंत्र बिघडलं नव्हतं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे. आई गेल्यावर तिनं दहावीत शाळा सोडली, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्या पदवीचा मी काय उपयोग केला, ते सांगतो.

आमच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला तेव्हा ताई गावाहून आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये आली. दोन वर्षं त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं तिच्याकडेच. मी आणि बायको कामावर जायचो. आमचे डबेही तीच भरायची. नातेवाईक रविवारी शहाळी घेऊन यायचे, पलंगापाशी दोन मिनिटं उभे राहायचे आणि चहाला तासभर बसायचे. मामा एकदा कप घेता घेता म्हणाले, "इथलं पाणी मानवलं की गं तुला! चांगली भरलीस."

"बसून खाते ना मामा," ताई हसली. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते, ते मामांना दिसले नाहीत. मलाही नाहीत.

एका सकाळी अण्णांच्या ब्लडप्रेशरच्या यंत्रात नवे सेल घातले आणि ते चालतंय का बघायला ताईनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद.

"यंत्र गेलं," मी म्हणालो.

"गेलंच असणार. मला काय धाड भरलीय?"

मी ते बदलून आणलं. नव्यानंही तेच दाखवलं. मी म्हणालो, "हल्ली सगळा माल असलाच."

तळोज्याच्या कारखान्यात मी दाबमापकं तपासतो. काटा लाल रेषेपलीकडे गेला तर आधी तो खरा माना, हे नव्या कामगारांना मीच शिकवतो. असा मी हुशार.

चौथ्या दिवशी ताई भांडी घासताना कोसळली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "आधी कधी बीपी मोजलं होतं?" ताईच खाटेवरून म्हणाली, "दोनदा मोजलं, साहेब. यंत्रं बिघडलेली होती."

मामा शहाळं घेऊन आले. "आता अण्णांचं कोण करणार गं?" हे त्यांनी तिलाच विचारलं.

विश्रांतीसाठी तिला आत्याकडे पाठवलं. फोनवर ती फक्त अण्णांचं विचारते, म्हणून पत्र लिहिलं:

"ताई, अण्णांना सकाळ-संध्याकाळ मी बघतो, दुपारी बाई येते. माझ्या हातून पेज सांडते, अण्णा चिडतात, पण जेवतात. डॉक्टर सांगेपर्यंत तू येऊ नकोस. सोबत ते नवं यंत्र पाठवतो आहे. ते चांगलं आहे. रोज सकाळी मोज आणि येईल तो आकडा मला कळव. मी तो खरा मानीन."