तीन उत्तरांचा खेळ आणि पाटावरची मुलगी

श्रीगजाननाला आणि वाग्देवतेला वंदन करून लिहावयास बसलो आहे. नातीसाठी आलेल्या आरमोरीच्या स्थळाला आज सकाळी मी नकार कळवला, हे निमित्त. क्रोध अजून शमलेला नाही; जपाला बसूनही शमला नाही.

नात सावली गावच्या शाळेत शिकवते. घरी आली की मोबाइलवर एक खेळ खेळते. त्यात ती वैद्यीण होऊन गावोगाव हिंडते, औषधी गोळा करते आणि वाटेत भेटणाऱ्या तरुणांपैकी एकाशी प्रीती जोडते. तो काही बोलला की पडद्यावर तीन उत्तरे येतात. त्यांतले एक निवडायचे. उत्तर रुचले तर त्याच्या नावापुढचे हृदय भरते. प्रथम पाहिले तेव्हा मी संतापलो. "लग्नाच्या वयात हा बाहुल्यांचा संसार?"

"आबाजी, आधी पाहा तं खरं. मंग रागवा," म्हणत तिने मला शेजारी बसवले.

त्यात एक लोहार होता. त्याचा भाऊ नदीत वाहून गेलेला. हे त्याने एकदाच सांगितले होते. पुढे कधीतरी तो काठाशी मूक उभा राहिला, तेव्हा नातीने ते स्मरून उत्तर निवडले आणि त्याचा चेहरा उजळला. "यात ऐकावं लागते, आबाजी. नाई तं माणूस दूर जाते." हा गुण मला मान्य करावा लागला. दोष मात्र घोर. रुसलेल्याला चार रानफुले दिली की राग संपला! चुकीचे बोलले तर मागच्या मुक्कामावर परत जाऊन पुन्हा गोड बोलायचे! वाणीला देवता मानून कीर्तनात आयुष्य काढलेल्याने हे कसे सोसावे? मी तिला तासभर सुनावले.

परवा पाहुणे आले: मुलगा, त्याची आई आणि मामा. पाटावर बसलेल्या मुलीने विचारलेल्याचेच उत्तर द्यावे, ही आमच्या घरची रीत. मामा विचारत राहिले. "धानाच्या रोवणीले जाशील का? शाळा सोडशील का?" मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. नातीने त्यालाच विचारले, "तुम्हाले काय वाटते? मी शाळा सोडावी?"

त्याची आई हसली. "अवं माय, पोरगीच मुलाखत घेऊन राह्यली!"

आणि मी म्हणालो, "गप्प बैस. पाटावर आहेस."

मुलाने उत्तर दिलेच नाही. पाहुणे पसंती सांगून गेले. पाट उचलताना नात म्हणाली, "त्या लोहारासंग बोलाले मले तीन उत्तरं तरी होती. इथी तुम्ही एकई नाई ठेवलं."

खेळावरचा माझा सारा संताप तेव्हा माझ्यावर आणि त्या पाटावर उलटला. वाणीची थोरवी सांगणाऱ्या मीच तिची वाणी चारचौघांत दाबली होती.

आज सकाळी मी तिला प्रथमच विचारले, "काय कळवू?"

"नाई म्हणा."

मामांना फोन केला. "महाराज, पसंत हाय म्हटलं ना आम्ही! काऊन नाई म्हणता?"

"तिच्या प्रश्नाचे उत्तर आले नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

खेळाचे दोष मी अजूनही दोषच मानतो. माझे "गप्प बैस" मागच्या मुक्कामावर जाऊन पुसता येत नाही, हे मात्र खेळाबाहेरचे सत्य. पुढचे पाहुणे येतील तेव्हा मी दोन पाट मांडीन. मुलगाही खाली बसेल, आणि नात विचारील त्याचे उत्तर देईल.

वाचकहो, आपल्या घरी लेकीचा प्रश्न ऐकला जावो, त्याला उत्तर मिळो, आणि कुलदेवता आपल्या उंबरठ्याच्या आत सर्वांना सुखात ठेवो.