सुटलेला टाका

गॅरेजात सगळे तिला वहिनी म्हणायचे. गॅरेज चालवणारा दीर म्हणायचा म्हणून मेस्त्री म्हणायचे, मेस्त्री म्हणायचे म्हणून गिऱ्हाईकंही. जुन्या मोटारींच्या सीटा शिवून तिचा हात असा बसला होता, की कारखान्याची चूकसुद्धा हुबेहूब उतरायची.

आज तेच अंगाशी आलं होतं.

जुन्या गाड्यांच्या संघाचा तपासनीस सत्तर वर्षांच्या मोटारीत वाकून, भिंगातून पुढच्या सीटची शिवण बघत होता. मूळ भाग जपायचा, नक्कल मूळ म्हणून खपवलेली सापडली तर उपटून टाकायची, हा त्यांचा नियम.

"कोपऱ्यात एक टाका सुटलाय बघा. कारखान्याच्या मशीनची खोड. ही अस्सल." मग तो मागं सरकला. "इथं सुटलेला नाही. मागची नक्कल. काढा ही."

सगळं उलटं होतं. पुढची वहिनीनं बारा वर्षांपूर्वी शिवलेली, फाटक्या जुन्या सीटवरचा सुटलेला टाका मोजूनमापून उचलून. मागची मात्र कारखान्यातून आली तशीच. मशीन त्या दिवशी शहाण्यासारखं वागलं असेल.

तपासनीसाच्या पाठीमागून दिरानं डोळे वटारले. दोन्ही सीटा मूळ, असं संघाला त्यानंच लिहून दिलं होतं.

"साहेब, पुढची मी शिवलीय."

"वहिनी, चहाचं बघा जरा," दीर म्हणाला.

"चहा कुठं पळून जात नाही."

तपासनीस हसला. "बाई, माणसाच्या हातून असा टाका सुटत नाही."

"सुटत नाही. सोडावा लागतो." तिनं पातं उचललं. "उसवून दाखवते. आत माझ्या घरच्या हिरव्या चादरीचं अस्तर आहे."

"आणि नसलं तर? अस्सल सीट फाडली म्हणून गॅरेजचं नाव लिहीन. पुन्हा इथं कुणी गाडी आणणार नाही."

"वहिनी, बारा वर्षं झाली," दीर हळू आवाजात म्हणाला. "नक्की आठवतंय?"

नक्की? चादर ह्याच सीटला लावली, की त्या वर्षीच्या दुसऱ्या गाडीला? क्षणभर तिलाही सांगता येईना. हात फडक्याला पुसून तिनं शिवणीत पातं घातलं. एक टाका. दुसरा. तिसरा. आत नुसतं काळं. चौथ्याला चामडं फाकलं, अन् विटकी हिरवी किनार दिसली.

तपासनीसानं कागदावर पुढच्या सीटच्या नोंदीवर काट मारली, मागच्या सीटपुढं 'मूळ' लिहिलं. मग कागद उलटून विचारलं, "हे खोटं कुणी लिहून दिलं?"

वहिनी पातं पुसत राहिली.

दीर पुढं आला. "मीच."