साडीचं कुंपण आणि रोह्याचं पिल्लू

नात नागपूरला नोकरी करते. शनिवारी नालवाडीला घरी येते तेव्हा तिच्या गाडीच्या डिकीत हवा भरायची होडी असते. ती तिला कयाक म्हणते. मला ते फुगलेलं वांगं दिसतं. शनिवारभर मी क्रोशाचा रुमाल विणते, ती वल्हं पुसते, आणि दोघी एकमेकींच्या छंदाला नावं ठेवतो.

या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ती मला समुद्रपूरकडच्या तलावावर घेऊन गेली. माझं सासर त्याच काठावरचं. आमच्या मळ्यातली वांगी, मेथी, टमाटे जाम गावच्या बाजारात जायचे.

"आजी, होडीत उभी राह्यजो नको," नात म्हणाली.

"मले काय फोटो काढाचा हाय?"

पाणी काठोकाठ होतं. एका मळ्याच्या कुंपणाचे खालचे बांबू पाण्यातच उभे होते, आणि त्यांना जुन्या साड्या बांधलेल्या. रोही, म्हणजे नीलगायी, असल्या फडफडत्या रंगांना बिचकतात असं आमच्याकडे मानतात.

मीही मानायचे. लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची आणि भलतीच शहाणी होते. विटक्या लुगड्यांना रोही कशाला भिणार, असं परस्पर ठरवून मी सासूबाईंची ठेवणीतली लाल साडी कुंपणाला बांधली आणि शाबासकीची वाट पाहत बसले. सकाळी वांग्यांची अख्खी ओळ फस्त, वर साडीचा पदरही चावलेला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्याले साडी आवडली वाट्टे." पुढे वर्षभर पाहुण्यांसमोर माझी ओळख 'रोह्याची मावशी' अशीच होत राहिली.

हे मी नातीला सांगत होते, तेवढ्यात ती वल्हवायची थांबली. समोरच्या कुंपणात रोह्याचं पिल्लू अडकलं होतं. एक साडी सैल लोंबून पाण्यात गेली होती. पाणी प्यायला आलेल्या पिल्लाची मान तिच्यात घुसली आणि पीळ बसला. ते पोटापर्यंत पाण्यात होतं. पलीकडे बेशरमाच्या झुडपाआड त्याची आई उभी होती, कान आमच्याकडे करून.

आणि मी काय केलं? इतक्या वर्षांच्या सवयीने दोन्ही हात उचलून ओरडले, "हाऽऽड, हुर्रऽ". पिल्लू उसळलं, फास आवळला, त्याचं नाक पाण्याला टेकलं.

"आजी, चूप राह्य ना. काऊन भेवाडून राह्यली त्याले?"

मी चूप झाले. एकोणीस वर्षांची ती शहाणी अजून माझ्यातून गेलेली नाही, हे त्या क्षणी कळलं, आणि मला स्वतःचीच चीड आली.

नातीला मानेजवळचा पीळ सोडवायचा होता. "तिथं हात लावू नको," मी म्हटलं. "लाथ बसन. होडी बांबूपाशी घे." बांबूवरची गाठ मला लांबूनच ओळखू आली होती. सासूबाईंनी मला तीच शिकवली होती: शेवटचं टोक आत दुमडून ठेवायचं, म्हणजे हंगाम संपला की साडी न फाटता एका ओढीत सुटते. पण ओली गाठ फुगली होती. बोटांत जोर नव्हता. पिल्लाचा श्वास घरघरायला लागला. शेवटी मी रुमालासाठी कमरेला खोचलेली क्रोशाची सुई काढली, टोकाखाली घातली आणि ओढलं.

गाठ सुटली. साडी सैल पडली, पिल्लाने मान झटकली, दोनदा घसरलं, आणि चिखल उडवत आईकडे गेलं. आईने त्याला हुंगलं आणि दोघं झुडपाआड दिसेनासे झाले.

मग मी साडी पिळली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"अजून बांधून राह्यली?"

"कोणाचे तरी वांगे आहेत ना, पोरी."

या खेपेला ताणून बांधली, वीतभर वर, खाली काही लोंबू न देता. नात वाकून बघत होती.

"आता खालून तं पिल्लू आरामात जाईन आत."

"जाईन," मी म्हटलं. "त्याची मावशी हाय मी."