जखमवाली

राग नाकावर असतो म्हणतात. तिचा नाकावर मावत नव्हता. सेटवर सगळे तिला जखमवाली म्हणायचे, कारण ती ज्या मालिकेत मेकअप करायची तिच्यात रोज कुणी ना कुणी कापलं, भाजलं नाहीतर चावलं जायचं, आणि ते सगळं कापलेलं-भाजलेलं तिच्या हातचं असायचं. जिलेटिन गरम करायचं, कापूस पिंजून लावायचा, वर टिश्यू पेपरचे तुकडे डकवायचे, मग रंग. बघता बघता धडधाकट माणूस मरणाच्या दारात. काम करताना तोंडाचा पट्टा अखंड चालू. "हलू नकोस. खाजवू नकोस. जांभई दिलीस तर गाल सुटेल, मग माझ्या नावानं बोंबलू नकोस." मोठमोठे नटसुद्धा तिच्यापुढे मुकाट बसायचे.

मालिका दोन राजपुत्रांची होती. थोरल्याला सोडवायला धाकटा राक्षसांच्या गुहेत शिरतो, तिथला अग्निसर्प त्याचा अर्धा चेहरा जाळतो, आणि त्या दिवसापासून थोरला त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. एवढ्यावर त्यांनी महिनेच्या महिने काढले होते. दिग्दर्शकानं पहिल्यांदा ही गोष्ट समजावून सांगितली तेव्हा तिच्या हातातला स्पंज खाली पडला. "हात तेलकट झालाय," असं म्हणून तिनं वेळ मारून नेली.

तिच्या घरात हेच चाललं होतं. फरक एवढाच की अग्निसर्पाच्या जागी थिनरचा डबा होता.

तिला दोन भाऊ. थोरला दादा, मग ती, मग बारक्या. बारक्या नावालाच बारक्या, दारातून आत येताना डोकं वाकवावं लागायचं त्याला. आईवडील गेल्यावर दोघा भावांनी गाड्या रंगवायचं गॅरेज काढलं. जोडी अशी की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा. एका दुपारी रंग पातळ करायच्या थिनरनं पेट घेतला. दादा आत होता, तो मागच्या दारानं बाहेर पडला. बारक्या समोरच्या रस्त्यावर होता. दादा आतच अडकलाय असं समजून तो "दादा, दादा" करत आगीत घुसला. डावा गाल, कान, मान, हात, सगळं गेलं. ज्याला वाचवायला गेला तो मागच्या गल्लीत उभा होता, अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

तिथपर्यंत तिला समजत होतं. आग काही कुणी मुद्दाम लावत नाही. पुढचं मात्र तिच्या डोक्यात जायचं. बारक्या इस्पितळात होता तेव्हा दादा रोज दारापर्यंत यायचा, डब्याची पिशवी तिच्या हातात द्यायचा आणि फिरायचा. बारक्या घरी आला आणि दादानं त्याच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. जेवताना नजर ताटात. बारक्या खोलीत आला की याला गच्चीवर काम निघायचं. बोलायचंच झालं तर तिच्याकरवी. "त्याला विचार, आमटी हवी का." भाऊ हाताच्या अंतरावर बसलेला, आणि हा 'त्याला' म्हणायचा! ठरत आलेलं स्वतःचं लग्नसुद्धा दादानं मोडलं, गॅरेज विकलं, एका गोदामात नोकरी धरली. चार वर्षं घरात एवढंच.

आणि बारक्या? तो हसायचा. घरी बसून लोकांचे मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा आणि सगळ्यावर हसायचा. "ताई, माझा फायदाच आहे. अर्धीच दाढी करावी लागते." त्याच्या या हसण्याचासुद्धा तिला राग यायचा. अरे, एकदा तरी भांड! ताट भिरकाव! घरात सगळ्यांच्या वाटचं ती एकटीच किती चिडणार?

सगळ्यात कहर म्हणजे मालिका. दादा ती न चुकता बघायचा. बहिणीचं काम म्हणून बघायला लागला आणि मग गुंतलाच. टीव्हीसमोरच्या खुर्चीत दादा, मागे भिंतीशी बारक्या, म्हणजे नजरानजर व्हायला नको. पडद्यावर थोरला राजपुत्र छाती पिटून म्हणायचा, "बंधो, तुझ्या मुखाकडे पाहण्याचे धैर्य मी कोठून आणू?" आणि आमचे दादा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायचे. वर तिचं कौतुक. "काय हुबेहूब वण केलायस गं! बघवत नाही." तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राजपुत्राचा तो वण म्हणजे थोतांड होतं. दिग्दर्शकाची ताकीदच होती, जखम दिसली पाहिजे पण पोरगा देखणाच राहिला पाहिजे. म्हणून तिनं गालावर एक नाजूक गुलाबी लाट काढून दिली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण दादाला पाहूनच कुणाला तरी सुचली असावी.

एकदा ती गोंदाची बाटली घरी विसरली आणि बारक्या ती द्यायला सेटवर आला. त्या दिवशी राक्षससेनेची लढाई होती. दिग्दर्शकाच्या हाताखालचा एकजण कागद चाळत आला, बारक्यासमोर थांबला आणि आनंदानं ओरडला, "क्या बात है! याला पुढच्या रांगेत घ्या. जखमवाली, आज तू कमाल केलीस!"

जे तिला ओळखत होते ते जमिनीकडे बघायला लागले. तिनं हातातला ब्रश टेबलावर आपटला. "तो माझा भाऊ आहे. आणि ते मी केलेलं नाही." तो माणूस पांढराफटक पडला, हात जोडून माफी मागायला लागला. ती आणखी चार शब्द सुनावणार तोच बारक्या म्हणाला, "उभा राहतो की मी. शिंगंबिंगं देणार का?"

तिनं त्याला हाताला धरून कपडेपटामागे ओढलं. "लाज वाटत नाही? स्वतःच्या तोंडाचा तमाशा करतोस?"

"तमाशा तर रोजच आहे, ताई. बाहेर पडलं की सगळे बघतात. दुकानदार बघतो, पोरंटोरं बघतात. ज्यानं बघायला पाहिजे तो तेवढा बघत नाही." तो अजून हसतच होता, पण आवाज हसत नव्हता. "टीव्ही तर डोळे फाडून बघतो ना? मग टीव्हीत जातो मी. त्यानं मला ओळखलं तर राहीन त्या घरात. नाही ओळखलं तर माझी पिशवी भरायला वेळ लागणार नाही."

"आणि मी? मी काय करू?"

"तू चीड," तो म्हणाला. "तुला जमतं ते."

त्या दिवशी तिनं राक्षससेनेतल्या सगळ्यांना रंगवलं. बारक्याच्या चेहऱ्याला तिनं ब्रश लावला नाही. कुणीतरी त्याच्या डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलं, चांगल्या गालाला काजळी फासली आणि त्याला उभं केलं. कॅमेरा त्याच्या तोंडाशी आला तेव्हा त्यानं गुरगुरायचं होतं. तो गुरगुरला नाही. नुसता बघत राहिला, आणि दिग्दर्शकाला तेच आवडलं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी ती मुद्दाम लवकर घरी आली. दादा खुर्चीत होता, बारक्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. त्याच्या शेजारी भरलेली पिशवी होती. तिनं ती पाहिली. दादाला पिशवी दिसायचा प्रश्नच नव्हता, त्याला मागे वळायची सवयच राहिली नव्हती.

लढाई सुरू झाली. तलवारी, धूर, पांढरे घोडे. मग राक्षसांची पहिली रांग, आणि अख्ख्या पडद्यावर बारक्याचा चेहरा. मिटल्यासारखा डोळा, नसलेली भुवई, वितळून खाली ओघळलेला गाल. चेहरा बराच वेळ तसाच राहिला.

दादा पुढे झुकला. चष्मा सारखा केला. आणि म्हणाला, "छे! हे नाही जमलं गं तुला."

"काय?"

"हा राक्षस. खोटा वाटतो. भाजल्यावर माणूस असा दिसत नाही. अति केलंयस तू. त्या राजपुत्राचा वण बघ, कसा खराखुरा..."

मागे बारक्या हसला. नेहमीसारखाच. मग पिशवीचा बंद ओढल्याचा आवाज आला.

तिनं रिमोट उचलून चित्र मागे घेतलं आणि बारक्याच्या चेहऱ्यावर थांबवलं. खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. चार वर्षं ती ओरडत आली होती, भांडी आपटत आली होती, पण आता आवाज निघाला तो बारीक आणि कापरा. "ते मी केलेलं नाही, दादा. मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. ते तुझ्या गॅरेजनं केलंय. तो राक्षस कोण आहे ते नीट बघ."

दादानं पडद्याकडे बघितलं. रंग उतरत गेला त्याचा. आणि मग त्यानं तेच केलं जे तो नेहमी करायचा, खुर्चीचे हात धरून उठायला लागला. गच्चीवर काम असणार! तिनं त्याला दोन्ही हातांनी परत खाली बसवलं, खुर्ची फरफटत मागे फिरवली आणि त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. समोर बारक्या उभा होता, पिशवी खांद्याला.

दादानं डोळे गच्च मिटून घेतले.

"उघड!" ती किंचाळली. "भेकडा, उघड डोळे! राजपुत्रासाठी रडतोस!"

"मला ऐकू आली होती हाक," दादा मिटल्या डोळ्यांनीच बोलला. "मी गल्लीत होतो. तो आतून मला हाका मारत होता. मी ओ दिली असती तर तो बाहेर आला असता. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. पाय हलले नाहीत. मी नुसता ऐकत उभा राहिलो."

हे तिला माहीत नव्हतं. तिचा हात त्याच्या हनुवटीवरून सुटला. पण बारक्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मागचं दार उघडं होतं. धुरातून तुझे पाय दिसत होते मला. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तुला सांग म्हणतच नाही, दादा. बघ म्हणतोय."

दादानं डोळे उघडले. आधी पाय बघितले, मग पिशवी, मग हात, आणि मग हळूहळू वर येत तो चेहऱ्यावर थांबला. कितीतरी वेळ तो गालावरून, कानाच्या जागेवरून, भुवईवरून नजर फिरवत राहिला.

"या डोळ्यानं," त्यानं विचारलं, "या डोळ्यानं दिसतं का रे तुला?"

एवढं साधं. जे शेजारणीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, ते सख्ख्या भावानं आज विचारलं. बारक्याच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो ओरडला. "आत्ता विचारतोस? आत्ता?" पिशवी त्यानं भिंतीवर भिरकावली आणि दादाच्या अंगावर धावून गेला. चांगल्या हातानं, भाजलेल्या हातानं, मिळेल तिथे मारत सुटला. छातीवर, खांद्यावर. "नाही दिसत! नाही दिसत मला त्यानं! कधीच दिसलं नाही!" दादा मार खात होता. हात आडवा घातला नाही त्यानं, आणि नजरही हलवली नाही.

शेजारचं दार उघडलं, कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. ती वळली, दार आतून लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. सोडवायला गेली नाही.