मॉपच्या दांड्यावरच्या दोन टिकल्या

आमच्या सासूबाई मेलबर्नला तीन महिन्यांसाठी आल्या आणि पंधरा दिवसांत विमानं बंद झाली. ट्रुगानिनातलं आमचं घर तसं लहान नाही. पण नवरा एका खोलीत मीटिंगमध्ये, मी दुसऱ्या खोलीत मीटिंगमध्ये आणि त्या मधल्या हॉलमध्ये, सिंधुदुर्गातल्या आपल्या बागेच्या काळजीत. घर दिवसेंदिवस आखडत चाललं होतं. आमचं दोघींचं भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं, तर भांडण कुठून होणार? लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमची गाडी ‘मीठ बरोबर आहे ना’च्या पुढे गेली नव्हती.

त्यात मी बंदूक घ्यायला निघाले.

खूळ जुनं होतं. माझ्या टीममधला एकजण दर हिवाळ्यात सांबर मारायला जातो. त्यानं एकदा मटण दिलं, मी त्याचं सुकं केलं आणि मला चटक लागली. सांबर मूळचं आपल्याकडचं. गोऱ्यांनी कधीकाळी इथे आणून सोडलं, ते असं रुळलं की आता शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप झालंय. मी कोर्स केला, परवाने काढले. आम्ही जाणार होतो तिथे दाट झाडी, आणि पलीकडे शेजाऱ्याच्या गायी. “रायफल नको, शॉटगन घे आणि स्लग वापर,” असं तो म्हणाला होता. स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी काडतुसात एकच जाड शिशाची गोळी. फार लांब जात नाही, पण लागली की विषय संपला. एवढं ठरलं आणि लॉकडाउन लागला.

नवऱ्याला शिकारीत काडीचा रस नाही, पण निवड करायची म्हटली की पुण्यात शिकताना त्याच्यात शिरलेला पुणेकर जागा होतो. त्यानं एक्सेल उघडलं. वजन, किंमत, नळीची लांबी, रिव्ह्यू, प्रत्येकाला मार्क. तीन आठवडे अमेरिकन व्हिडिओ बघून त्यानं वीस बंदुकांची यादी केली. त्यातल्या चौदा पंप-ॲक्शन निघाल्या, ज्या माझ्या परवान्यावर मिळतच नाहीत. उरलेल्या सहांत बारा बोअरची एक दुनळी पहिली आली. काडतुसं त्यानं सर्वांत महागडी निवडली, प्लास्टिकच्या टोपणातली.

जेवणाच्या टेबलावर हे वाचन चालू असताना सासूबाई अचानक म्हणाल्या, “आणि ही हातात कोणी धरून बघितल्यान?”

नवरा एक्सेलमध्ये तसा रकाना शोधू लागला, तोवर त्यांचा पुढचा प्रश्न.

“नळी आतून गुळगुळीत की आटे असलेली?”

“गुळगुळीत, आई,” मी म्हणाले.

“मग टोपणातली गोळी कित्याक? ती आटेवाल्या नळीची असतली. महाग म्हणजे आपल्या मापाची नाय गो.”

नवऱ्यानं गुपचूप फोनवर शोधलं. सासूबाई बरोबर होत्या. त्यानं त्या रकान्यातले मार्क पुसले.

मग कळलं की त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. शिसं वितळवून गोळ्या ओतायचं, दारू भरायचं, नळी पुसायचं काम त्यांचं. लग्न होईपर्यंत शेकडो गोळ्या ओतल्या असतील. अकरा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मॉप आणायला लावला. “हात काटकोनात दुमड,” म्हणाल्या. दांड्याचं टोक माझ्या कोपराच्या खळग्यात टेकवलं आणि जिथे माझं बोट पोचलं तिथे माझ्याच पाकिटातली लाल टिकली चिकटवली. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, असा मापायचा. टोक कोपरात बसलं की चाप बोटाखाली आला पाहिजे. नाहीतर खांदा सुजतो आणि गोळी ढगात जाते.

संध्याकाळी फरशी पुसायला मॉप घेतला, तर दांड्यावर दोन टिकल्या. लाल टिकलीच्या दोन बोटं अलीकडे एक हिरवी.

“आई, ही कुणाची?”

त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माझी.” मग एक खडा बाजूला काढून, “बाबा म्हणत, बायलमानसाचो हात कापता. भावांनी बार काढले, मी गोळये ओतलंय. जावच्या आधी माका एक बार काढूचो आसा. एकच.”

सत्तरीला टेकलेल्या बाईनं हे मागितलं होतं, आणि तेही माझ्याकडे. मी म्हटलं, “काढाल. शब्द देते.”

शब्द देऊन बसले खरी, पण सगळंच बंद. पाच किलोमीटरच्या पुढे जाता येईना, रात्रीची संचारबंदी, नेमबाजीच्या रेंजला टाळं. बिनपरवान्याच्या माणसाला फक्त रेंजवर, देखरेखीखाली नेम धरता येतो. इकडे नवरा रोज भारतात परतण्याच्या विमानांची यादी उघडून बसे. त्याचं चुकत नव्हतं, त्याच्या आईला घरी जायचंच होतं. पण यादी उघडली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

दुकानं उघडली त्या शनिवारी मी मास्क लावून, हातात मॉप घेऊन रांगेत उभी होते. सासूबाई गाडीतून काच खाली करून लक्ष ठेवून. दुकानदार म्हातारा होता. त्यानं मॉपकडे पाहिलं, टिकल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “You right, love?” मी समजावलं. तो हसला नाही. एक्सेलमधली पहिली आलेली बारा बोअरची काढून त्यानं दांड्याशेजारी धरली. चाप लाल टिकलीच्या तीन बोटं पलीकडे. अक्रोडाचं लाकूड असं देखणं की मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? मी ती खांद्याला लावली, तर हातभर लांब वाटली. मग त्यानं आतून एक वीस बोअरची, म्हणजे आणखी बारीक नळीची, दुनळी आणली, आखूड दस्त्याची, कुणा बाईनं विकलेली. नेम धरायला पुढे-मागे दोन्ही दर्शक होते, हरणासाठी नुसता पुढचा मणी कायद्याला चालत नाही. चाप दोन टिकल्यांच्या बरोबर मध्ये आला.

मी दुकानाच्या काचेतून गाडीकडे पाहिलं. सासूबाईंनी अंगठा वर केला. हे त्या कुठे शिकल्या कोण जाणे.

काडतुसांच्या तीन वेगवेगळ्या पेट्या घेतल्या, टोपणाची एकही नाही. “प्रत्येक नळयेची आवड येगळी,” असं बजावूनच त्यांनी मला पाठवलं होतं.

त्याच आठवड्यात विमानात जागा मिळाली. निघणं पुढच्या बुधवारी. आणि रेंज उघडणार होती त्याच्या आधीच्या रविवारी! नवरा म्हणाला, “अगं, पॅकिंग, कोविड टेस्ट, कशाला आता?” मी त्याच्यावर अशी काही भडकले की तोच गाडी चालवायला आला.

रेंजवरच्या अधिकारी बाईंनी फॉर्म भरून घेतला आणि विचारलं, “Has she shot before?”

“No,” मी म्हणाले, “but she made the bullets.”

आधी मी नेम धरला. पहिल्या पेटीच्या गोळ्या कागदभर विखुरल्या, दुसरीच्या थोड्या कमी. तिसरी, सगळ्यांत स्वस्त, तिच्या तिन्ही गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. त्याच पेटीतलं एक काडतूस मी सासूबाईंना दिलं. त्यांनी ते तळहातावर तोललं. गुलाबी नऊवारी, पायात माझे स्नीकर्स, कानांवर मोठाले इअरमफ. टेबलामागे बसल्या, दस्ता खांद्यात घट्ट रोवला. बाई शेजारी वाकून उभ्या. हात कापतोय का ते मी बघत होते. कापत नव्हता.

बार निघाला. त्या खुर्चीसकट जराशा मागे सरकल्या आणि तशाच बसून राहिल्या. बाईंनी दुर्बीण पुढे केली. गोळी कागदाला लागली होती, पण पार खालच्या डाव्या कोपऱ्यात.

सासूबाईंनी नीट निरखलं. “डुकराच्या मागच्या पायाक लागली,” म्हणाल्या. “मरूचो नाय. पण परत शेतात येवचो नाय.”

“अजून एक मारा ना, आई. पेटी भरलेली आहे.”

“एकच म्हटलंय मां?” त्यांनी बंदूक सांध्यात उघडून बाईंच्या हाती दिली. रिकामं काडतूस त्यांना घरी न्यायचं होतं. विमानतळावर धरतील म्हणून मी नको म्हटलं. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि चार घड्या घालून कोविडच्या रिपोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवला. विमानतळावर मास्कआडून मला म्हणाल्या, “मीठ बरोबर असता गो तुझा.” मी रडले. नवऱ्याला वाटलं, त्यांच्या प्रवासाच्या काळजीनं.

त्या वर्षी मी हरीण मारलं नाही. दोनदा गेले, दोनदा नुसते पायांचे ठसे बघून आले. बंदूक तिजोरीत आहे, मॉप अजून तोच.

क्वारंटाइन संपवून गावी पोचल्यावर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे दारावर नेहमी त्यांच्या वडिलांचा फोटो असायचा, तो आता दिसेना.

“फोटो कुठे गेला, आई?”

त्यांनी फोन वळवला. फोटो समोरच्या भिंतीवर गेला होता. त्याच्या अगदी पुढ्यात, खांबावर, चार चुका मारून तो कागद लावलेला. खालच्या कोपऱ्यात भोक.

“असांदे थंय,” त्या म्हणाल्या. “बघीत बसांदेत.”