चौथ्या नळीवरचा ‘टाका’

शांताराम मेस्त्रींचं नाव आधी लिहितो. काय झालं ते नंतर. ते नसते तर नवी मुंबईत, पावण्याच्या वेल्डिंग शेडमधली माझी नोकरी त्याच दुपारी गेली असती. मी परभणीकडं परत गेलो असतो, आणि दारात उभ्या आईला काय सांगावं हे मला शेवटपर्यंत सुचलं नसतं.

त्या दुपारी मी तुर्भ्याहून वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गन गॅसचा सिलिंडर भरून आणला. टेम्पोतून खाली उतरलो आणि शेडमधून इंजिनचा आवाज ऐकू आला. सायलेन्सर नसलेलं इंजिन, सगळा पत्रा थरथरत होता. मला वाटलं, दुसरी कुठली गाडी असेल. कारण आमच्या शेडमध्ये जी गाडी उभी होती ती चालू होणं शक्यच नव्हतं. तिचा मॅनिफोल्ड मी अर्धाच बनवून टेबलावर ठेवून गेलो होतो.

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगतो. इंजिनच्या चार सिलिंडरमधून जळलेला गॅस बाहेर येतो. तो चार नळ्यांतून गोळा करून एका तोंडाला आणायचा, हे मॅनिफोल्डचं काम. या गाडीला पुढे टर्बो लावायचा होता. टर्बो म्हणजे छोटा पंखा. त्याच गरम गॅसवर तो फिरतो आणि इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतो. गाडीत ताकद येते. हे आपल्याकडं सहज मिळत नव्हतं. गाडीच्या मालकांनी, रुस्तमशेठनी, टर्बो परदेशातून आणवला होता, त्यांना ती गाडी रॅलीत पळवायची होती. टर्बो होता, पण त्याला धरणारा मॅनिफोल्ड कुठं विकत मिळणार? तो हातानंच बनवायचा. आमच्या शेडच्या मालकांनी, गोरेसाहेबांनी, ते काम घेतलं आणि माझ्यावर सोपवलं. सातवीतनं शाळा सोडलेल्या माणसावर. मला रात्री झोप लागत नसे.

अडचण वेल्डिंगची नव्हती, वाकण्याची होती. जाड प्लेटला चार नळ्या जोडायच्या. एका बाजूनं सलग वेल्ड मारला की प्लेट केळीच्या पानासारखी वाकते, मग ती इंजिनवर बसत नाही. म्हणून प्लेट इंजिनच्या एका जुन्या हेडवर बोल्टनं आवळायची आणि आधी सगळीकडं टाके मारायचे. शिंपी कपड्याला कच्ची शिलाई घालतो तसे. मग वरची बाजू पक्की करायची, थंड होऊ द्यायची, उलटी करून खालची बाजू पक्की करायची. वरची बाजू माझी झाली होती. तीन नळ्यांची खालची बाजूही झाली होती. चौथीला खालून फक्त टाके होते, तेवढ्यात आर्गन संपला. विसरायला नको म्हणून मी त्या चौथ्या नळीवर ठळक लिहिलं, ‘टाका’. आमचा वेल्डरचा खडू दगडी असतो, चपटा. आगीतसुद्धा पुसला जात नाही.

आणि आता ते इंजिन चालू होतं.

मी आत धावलो. बॉनेट उघडं. आमचा मॅनिफोल्ड इंजिनला आवळलेला, त्याला टर्बो लटकलेला. शांताराम मेस्त्री कार्ब्युरेटरवर वाकलेले. मेस्त्री म्हणजे रुस्तमशेठचे मुंबईचे मेकॅनिक, कुडाळकडचे, मालवणी बोलणारे. शेठ स्वतः स्टिअरिंगवर, हसत होते.

“बंद करा! बंद करा ते!” मी ओरडलो.

शेठना वाटलं मी खूश आहे. त्यांनी हात हलवला आणि आणखी ॲक्सिलरेटर दिला.

चौथ्या नळीची खालची बाजू लाल झालेली मी डोळ्यांनी पाहिली. टर्बोचं वजन तिच्यावरच. एक टाका तुटला, टक् करून. मग दुसरा. फटीतून ज्वाळा बाहेर आली, सरळ खाली. खाली पेट्रोलची रबरी नळी. ती वितळायला वेळ लागला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. भप्प असा आवाज. शेठ दारातून बाहेर पडले ते गुडघ्यांवर. मी वाळूची बादली उचलली पण पाय हलेनात. खरंच हलेनात. आणि मेस्त्री पळाले नाहीत. त्यांनी आगीत हात घातला आणि पेट्रोलची नळी मुठीत दाबून धरली.

“वाळू टाक रे! बघतंस काय?”

मग माझे पाय हलले. एक बादली, दुसरी, तिसरी. आग विझली. इंजिन कधी बंद पडलं ते कळलं नाही. मेस्त्रींनी हात बाहेर काढला. मी बघितलं आणि तोंड फिरवलं.

साहेब वाशीहून बँकेचं काम करून परत येत होते. ते दारात पोचले तेव्हा शेडमध्ये धूर, वाळू आणि आम्ही तिघं. साहेबांचा एक नियम होता, पहिल्याच दिवशी सांगितलेला. ज्याच्या कामानं शेडला आग लागेल, तो त्याच दिवशी बाहेर. कारण शेजारी थिनरचा कारखाना. त्यांची भीती खोटी नव्हती.

शेठ उठले ते थेट माझ्यावर आले. “गोरे, हा तुझा वेल्डर काय थुंकी लावून जोडतो का रे, बावा? माझी गाडी जळली असती! मी जळलो असतो!”

“प्रल्हाद,” साहेब नळीखाली डोकावत म्हणाले. आवाज एकदम खाली. “खालून फक्त टाके आहेत हे. असा माल तू गाडीवर चढवू दिलास?”

“साहेब, मी नव्हतो. मी तुर्भ्याला... मी लिहून ठेवलं होतं...”

“काय लिहिलं होतंस?”

मी बोट दाखवलं. साहेब वाकले. नळी काळी पडलेली, पण अक्षरं पांढरी स्वच्छ. टाका.

साहेबांनी ते वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडं असं बघितलं की मलाही एकदम दुसरा अर्थ दिसला. आयुष्यात पहिल्यांदा. मी लिहिलं होतं, इथं कच्चा टाका आहे. वाचणाऱ्यानं वाचलं, टाका! गाडीवर टाका! शेडमध्ये मी हा शब्द रोज लिहायचो.

“कुणी वाचलं हे?” साहेबांनी विचारलं.

शेठ गुडघ्यावरची वाळू झटकायला लागले. मेस्त्री पाण्याच्या पिंपात हात बुडवून उभे होते. तिथूनच म्हणाले, “मी वाचलंय. ‘टाका’ लिवलेला, म्हणान टाकलंय. वरसून पक्को दिसलो. खाली हात फिरवूक होयो होतो, तो फिरवलंय नाय. चूक माझी. पोराक कायेक बोलू नका.”

“मेस्त्री, तुम्ही एवढे जुने...”

“जुनोच चुकता, साहेब. नवो घाबरता, म्हणान इचारता तरी.”

साहेब हसले नाहीत, पण खांदे खाली आले. शेठ जमिनीकडं बघत होते. त्यांचं ओरडणं कुठं गेलं, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. साहेब मला म्हणाले, “यांना दवाखान्यात ने. बाकीचं उद्या.” ‘उद्या’ म्हणाले, म्हणजे नोकरी शाबूत होती. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

डॉक्टरांनी पट्टी बांधली, दोन बाटल्या दिल्या. बाहेर बाकावर बसलो. मेस्त्रींनी डाव्या हातानं बाटल्या माझ्यापुढं केल्या.

“खयची पिवची आणि खयची लावची? वाच बघू.”

“लिहिलंय की, मेस्त्री. मराठीतच आहे.”

“मराठीत आसा ता माका काय उपयोगाचा? माका वाचूक येत नाय.”

दुपारी आग बघून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या बाकावर बसला.

“मग तो टाका?”

“शेठनी वाचल्यानी. टा... का... असा, पोरांसारख्या. म्हणाले, लिवलाहा टाका, तर टाक. मी टाकलंय.”

“मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?”

“शेठ मान्य करतले होते काय? तू गेलो असतंस. माझा काय, हातच भाजलो.” मग जरा थांबून म्हणाले, “फेडूचाच आसात तर माका माझी सही शिकव कधीतरी. अंगठो देवन कंटाळलंय.”

दुसऱ्या दिवशी मी चौथी नळी कापून नवी बसवली. दोन्ही बाजूंनी पक्की केली, साहेबांनी खालून बोट फिरवून पाहिलं. गाडी रॅलीला गेली. नंबर आला नाही, पण मॅनिफोल्ड टिकला. शेठनी पुढेही कामं पाठवली आणि माझ्याशी नेहमी जरा जास्तच नरमाईनं बोलले. त्या दुपारचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

आमच्या शेडमध्ये तेव्हापासून ‘टाका’ लिहायला बंदी आहे. ‘काम अर्धं, लावू नये’ असं लिहितो. आणि लिहून झालं की तोंडानंही सांगतो. समोरच्याला वाचता येतंच असं धरून चालू नये.

मेस्त्रींची बोटं नीट मिटेनात, पाना धरवेना. ते कुडाळकडं गावी गेले. सही शिकवायची तेवढी राहिली. आज रजा नाही, उद्या सिलिंडर नाही, असं माझं चाललंय. पण मी जाणार आहे, खडू घेऊन. कुठून सुरुवात करायची ते ठरलंय. ‘टाका’मध्ये दोन काने आहेत. ‘शांताराम’मध्ये तीन, आणि वर एक टिंब. तो शब्द आला की त्यांचं नाव फार लांब नाही.